चतुःसीमा

पूर्वेस पारसिकचा डोंगर,
पश्चिमेस खाडी,
दक्षिणेस हिराजी केणीचे मिठागर,
उत्तरेस गाढवाचा दगड.
खारशेत ग्रामपंचायतीच्या ठराववहीत
पहिल्याच पानावर, बोरूने:
येणेप्रमाणे चतुःसीमा असे.

डोंगर आता अर्धाच आहे.
उरलेला खडी होऊन रस्त्याखाली गेला.
दुपारी एकला सुरुंगाची शिट्टी व्हायची
आणि शाळेतली पोरं पाटीवर हात ठेवायची,
पाटी नाचू नये म्हणून.

केण्यांच्या कोंड्यांत
औषधाच्या कारखान्याचं पाणी पिकतं,
कधी हिरवं, कधी जांभळं.

खाडी सीमा म्हणून कधीच धड नव्हती.
दिवसातून दोनदा पुढे, दोनदा माघार.
तलाठी विचारायचा, हद्द नेमकी कुठे धरू?
बामा मढवी म्हणायचा,
भरतीला धर, भाऊसाहेब.
ओहोटीला धरशील तं सारा वाढंल.

आणि तो दगड.
वर चंद्र-सूर्य,
खाली असं चित्र की बायका तोंड फिरवून जात,
मधे अक्षरं, कोणालाच न लागणारी.
आम्ही शेंदूर फासून त्याची देवी केली.
मग एक प्राध्यापक आले,
शेंदूर खरवडून म्हणाले, हे शिलाहारांच्या काळातलं दान.
चंद्र-सूर्य आहेत तोवर ही जमीन
जो कोणी हिरावील, त्याला यात शिवी कोरली आहे.
पदीबाईंनी विचारलं,
आजवर लागली का कोणाला?
प्राध्यापक चष्मा पुसत राहिले.
संपादनाच्या नोटिसा त्याच वर्षी आल्या.

शेवटची ग्रामसभा मी, शिपायाने, मांडली:
सतरंजी एक, खुर्च्या दोन, पंखा सरपंचांकडे वळवलेला.
विषय पहिला, गाव महापालिकेत जाणे.
दहाला हजर तेवीस माणसं.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा,
कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
तोवर चौघं दुसऱ्या पाळीला निघून गेले होते.
सरपंच गुणाबाई म्हणाल्या, लिही, सर्वानुमते.
मग पदर सावरत थांबल्या.
नको. लिही, जे बसून राहिले त्यांच्या मते.

महापालिकेचा कारकून यादी घेऊन आला.
कपाट एक. दवंडीची थाळी एक.
घरपट्टीच्या वह्या अकरा.
नळ सात, पैकी चालू तीन.
शिक्का त्याने कागदावर एकदा उमटवून पाहिला,
छान उमटला म्हणाला,
आणि ब्लेडने त्याचं रबर कापलं.

बांधाची वही यादीत नव्हती.
बांध कोणाचा?
शिलोत्रीचा, मी म्हणालो.
हे खातं कुठलं?
खातं नाही, साहेब.
उधाणाला खांड गेली की
घरटी एक माणूस, माणशी वीस पाट्या चिखल.
जिथे बाई एकटी, तिथे दहा.
म्हाताऱ्याने, आजाऱ्याने कंदील धरायचा.
हजेरी या वहीत.
तो रकाना शोधत राहिला. मग लिहिलं: निरंक.
वही माझ्या पिशवीत, डब्याखाली, घरी आली.

आता आम्ही प्रभाग आहोत.
गाढवाच्या दगडाभोवती जाळी आहे,
जाळीत कोणाची तरी स्कूटर.
बांधावरून लोक सकाळचे फिरतात,
बांध आहे हे त्यांना ठाऊक नाही,
ते त्याला ट्रॅक म्हणतात.

परवा अमावस्येला खाडी गटारातून वर आली.
तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला,
आठ आकडी.
रात्री दीडला दारावर थाप.
हिराजीचा पणतू, गुडघाभर भिजलेला,
एका हातात घमेलं, दुसऱ्यात मोबाइलचा उजेड.
काका, तुमच्या त्या वहीत
आमच्या घराच्या पाट्या किती?

चष्मा सापडेना.
म्हटलं, तू टाकायला लाग. मी मोजतो.
आणि तो उजेड इकडे दे.